कधी सुरू, कधी ठप्प: बूट होताना अधूनमधून अडकणाऱ्या कॉम्प्युटरमधला दोष कसा शोधतात?

27 जून 2017. उरण तालुक्यातल्या न्हावा शेवा इथल्या जेएनपीटी बंदरात गेटवे टर्मिनल्स इंडिया या कंटेनर टर्मिनलची कॉम्प्युटर यंत्रणा बंद पडली. हे टर्मिनल मर्स्क समूहातली एपीएम टर्मिनल्स ही कंपनी चालवते. त्या दिवशी युक्रेनमधून सुरू झालेल्या 'नॉटपेट्या' या सायबर हल्ल्याने मर्स्कचं जगभरातलं नेटवर्क गाठलं होतं. त्याचा फटका थेट उरणपर्यंत बसला आणि टर्मिनलचं कामकाज विस्कळीत झालं.

नॉटपेट्याने घाव घातला तो कॉम्प्युटर सुरू होण्याच्या प्रक्रियेवर, म्हणजे 'बूट'वर. मशीन रीस्टार्ट व्हायचं, डिस्क तपासली जात असल्याचा खोटा संदेश दिसायचा आणि त्याआड डिस्कवरच्या फाइलींची नोंदवही कुलूपबंद व्हायची. त्यानंतर मशीन सुरूच होत नसे. मर्स्कला सुमारे 4,000 सर्व्हर आणि 45,000 कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले.

नुकसान प्रचंड होतं, पण एक गोष्ट स्पष्ट होती. बाधित मशीन दर वेळी बंदच राहत होतं, त्यामुळे काय बिघडलंय हे तज्ज्ञांना लवकर कळलं. याहून चिवट प्रकार म्हणजे 999 वेळा नीट सुरू होणारं आणि हजाराव्या वेळी अडकणारं मशीन. असा दोष शोधायचा कसा?

बूट होताना नेमकं काय घडतं?

बटण दाबल्यावर आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर जागं होतं. ते बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम चालवतं. बूटलोडर कर्नलला मेमरीत आणतो. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क या सगळ्यांवर त्याचं नियंत्रण असतं. कर्नलने हे सगळं ताब्यात घेतलं की मग लॉगिन स्क्रीन आणि बाकीचे प्रोग्रॅम येतात.

नॉटपेट्याने या साखळीतली बूटलोडरची कडी बदलली होती. अधूनमधून होणारा हँग मात्र बहुतेकदा पुढे, कर्नलच्या कामात लपलेला असतो.

मग तो रोज का दिसत नाही?

कारण बूट होताना कर्नल अनेक कामं एकाच वेळी करतो आणि ती कोणत्या क्रमाने संपतील हे दर वेळी थोडं वेगळं असतं.

उरणचं उदाहरण घेऊ. भाऊच्या धक्क्यावरून लाँच मोरा बंदरात येते आणि बाहेर बस उभी असते. समजा, बसला नियम आहे की लाँचमधले प्रवासी आल्याशिवाय निघायचं नाही. आणि लाँचला नियम आहे की बसमधले प्रवासी आल्याशिवाय धक्क्याला लागायचं नाही. एरवी दोघांपैकी एक जण आधी पोहोचतो आणि काम निभावतं. पण एखाद्या दिवशी दोघं नेमके एकाच क्षणी येतात आणि एकमेकांची वाट बघत थांबून राहतात. कर्नलमध्ये याला 'डेडलॉक' म्हणतात. वेळेचा असा योग जुळला तरच दोष उघड होतो.

2019 मधलं एक प्रकरण याच जातीचं होतं. लिनक्स 5.3 तयार होत असताना काही मशीन बूट होताना अडकू लागली. तपासात सापडलेला बदल होता डिस्कचं वाचन कमी करणारा, म्हणजे खरं तर सुधारणा! पण सुरक्षेसाठी लागणारे यादृच्छिक आकडे बनवायला कर्नल अशाच हालचालींच्या अनिश्चित वेळा वापरत होता. हालचाल कमी झाली, आकडे तयार होईनात आणि लॉगिन स्क्रीन त्यांची वाट बघत बसली. कीबोर्डवर काही बटणं दाबली की मशीन पुढे सरकायचं! लिनस टोरवाल्ड्स यांनी तो बदल तात्पुरता मागे घेतला आणि पुढच्या 5.4 आवृत्तीत मूळ अडचणीवर उपाय केला.

तपास कसा चालतो?

पहिली पायरी: कर्नल शेवटचं काय म्हणाला ते पाहणं. बूटच्या वेळी लपवलेले संदेश दिसू दिले जातात. स्क्रीन सुरू होण्याआधीच अडकत असेल तर सीरियल केबलने ते दुसऱ्या मशीनवर घेतले जातात. इथे एक गंमत होते. संदेश छापायलाही वेळ लागतो आणि तेवढ्या उशिराने कधी कधी दोषच गायब होतो.

दुसरी पायरी: अर्धं-अर्धं करत शोधणं. समजा, जुनी आवृत्ती चांगली आहे, नवी अडकते आणि मधे 16,000 बदल झालेत. मधली आवृत्ती तपासायची. ती चांगली निघाली तर दोष पुढच्या अर्ध्यात, अडकली तर मागच्या अर्ध्यात. अशा फक्त 14 पायऱ्यांत एका बदलापर्यंत पोहोचता येतं. याला 'बायसेक्ट' म्हणतात.

'आता चाललं' म्हणजे दुरुस्त झालं का?

खरी मेख इथेच आहे. दोष हजारात एकदा येत असेल आणि सलग 1,000 बूट नीट झाले, तरी ते निव्वळ नशीब असण्याची शक्यता सुमारे 37 टक्के असते. 3,000 बूटनंतर ती 5 टक्क्यांवर येते आणि 5,000 नंतर 1 टक्क्याच्या खाली जाते. एका पायरीवर जरी चुकून 'चांगलं' असा शिक्का बसला, तरी पुढचा सगळा शोध चुकीच्या दिशेने जातो.

म्हणजे 14 पायऱ्यांना जास्तीत जास्त 70,000 बूट. मिनिटाला एक धरलं तरी 48 दिवस! म्हणून हे काम व्हर्च्युअल मशीनवर, स्क्रिप्ट लावून केलं जातं. 2023 मध्ये रेड हॅटचे इंजिनिअर रिचर्ड जोन्स यांनी साधारण हजारात एकदा येणारा असाच हँग शोधण्यासाठी लिनक्स तब्बल 2,92,612 वेळा बूट केलं. तेव्हा कुठे संशयाची सुई कर्नलच्या वेळ मोजणाऱ्या भागातल्या एका बदलावर आली.

आणि 2019 चं प्रकरण सांगतं तसं, सापडलेला बदल हाच गुन्हेगार असेल असंही नाही. कधी कधी तो फक्त जुना दोष उघडा पाडतो.

तुमचा कॉम्प्युटर असा अडकत असेल तर?

रीस्टार्ट करण्याआधी स्क्रीनचा फोटो काढा. किती वेळा सुरू केल्यावर किती वेळा अडकला, हे लिहून ठेवा. त्याआधी कोणतं अपडेट किंवा नवं उपकरण आलं, तेही नोंदवा. आणि महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप आधी घ्या. दुरुस्तीनंतर एकदा नीट सुरू झाला म्हणून निश्चिंत होऊ नका. दहा वेळांत एकदा अडकणारं मशीन दुरुस्त झालंय असं म्हणायला सलग तीसेक वेळा तरी ते बिनतक्रार सुरू व्हायला हवं.