ग्रॅफाइट : नैसर्गिक व संश्लेषित

ग्रॅफाइट हे कार्बनाचे मऊ, काळे, स्पर्शास बुळबुळीत व विजेचे सुसंवाहक असे स्फटिकी रूप होय. ते खनिजरूपात आढळते, तसेच विद्युत् भट्टीत तयारही करतात.

इतिहास : इंग्लंडमधील बॉरोडेल येथे सोळाव्या शतकात अतिशुद्ध, घट्ट ग्रॅफाइटाचा साठा सापडला. तोफगोळ्यांच्या साच्यांना अस्तर देण्यासाठी ते वापरीत. त्यामुळे त्याच्या चोऱ्या वाढल्या व १७५२ मध्ये पार्लमेंटने त्याविरुद्ध खास कायदा केला. हा शिशाचाच एक प्रकार असल्याचा समज होता व ‘शिसपेन्सिल’ या शब्दात तो टिकून राहिला आहे. कार्ल व्हिल्हेल्म शेले यांनी १७७९ मध्ये त्याचे कार्बनी स्वरूप दाखविले, तर ए. जी. व्हेर्नर यांनी १७८९ मध्ये ‘लिहिणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला ग्रॅफाइट हे नाव दिले.

ब्रिटनशी युद्ध चालू असताना फ्रान्सला इंग्लिश ग्रॅफाइट मिळेनासे झाले. तेव्हा काँते यांनी ग्रॅफाइटाची पूड व चिकणमाती यांचे मिश्रण भाजून पेन्सिलीतील कांडी बनविली व १७९५ मध्ये तिचे एकस्व (पेटंट) घेतले. यामुळे अखंड खनिजाची गरज संपली.

खनिजाशिवाय ग्रॅफाइट मिळविण्याची व्यवहार्य रीत अमेरिकेत ई. जी. ॲचेसन यांनी शोधली. सिलिकॉन कार्बाइड अतितप्त केल्यास सिलिकॉन उडून जाते व ग्रॅफाइट उरते, असे त्यांना आढळले. त्यांनी १८९६ मध्ये एकस्व मिळविले आणि नायगारा धबधब्याच्या विजेवर उत्पादन सुरू केले. हल्ली खनिज तेलापासूनचा कोक व डांबरी पिच यांचे मिश्रण भाजून, नंतर २,५००° ते ३,०००° से. पर्यंत तापवितात.

दुसऱ्या महायुद्धात शुद्धतेचा प्रश्न निर्णायक ठरला. बोरॉनाचा लेशही न्यूट्रॉन शोषून घेतो. जर्मनीत १९४१ मधील मापनांवरून ग्रॅफाइट निरुपयोगी ठरविले गेले व तेथील शास्त्रज्ञ जड पाण्याकडे वळले. अमेरिकेत मात्र लीओ झिलार्ड यांनी बोरॉनविरहित ग्रॅफाइटाचा आग्रह धरला आणि २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो येथे ग्रॅफाइट मंदायक असलेली पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली.

तुलना : नैसर्गिक पत्री ग्रॅफाइट सुस्फटिकी व तुलनेने स्वस्त असते, परंतु त्यातील राख काढून टाकावी लागते. मुशी, उच्चतापसह विटा व वंगणे यांसाठी ते उपयुक्त असते. संश्लेषित प्रकार शुद्ध व एकसारखा असतो आणि त्याला हवा तो आकार देता येतो. म्हणून पोलादाच्या विद्युत् भट्ट्यांतील अग्रांसाठी तोच वापरतात. मात्र त्यास वीज फार लागते. लिथियम-आयन विद्युत् घटांच्या ऋण अग्रांत दोन्ही प्रकार वापरले जातात. चीनने १ डिसेंबर २०२३ पासून दोहोंच्या काही प्रकारांच्या निर्यातीस परवाना आवश्यक केला. बॉरोडेलच्या खाणीप्रमाणेच भट्टीतील ग्रॅफाइटही राज्यसत्तेच्या नियंत्रणाचा विषय बनल्याचे यावरून दिसते.