हरित घरासाठी उष्णतारोधन : आधी गच्ची, मग भिंती

हेब्बाळ (बेंगळुरू) : हरित घर बांधताना कोणते उष्णतारोधक साहित्य वापरावे, याचे उत्तर साहित्याच्या माहितीपत्रकापेक्षा त्या ठिकाणच्या हवामानात अधिक नेमकेपणाने सापडते. केंपेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळाकडे जाणाऱ्या बल्लारी रस्त्यावरील हेब्बाळ परिसरात निवासी बांधकाम झपाट्याने वाढले आहे. येथील स्वतंत्र घराच्या किंवा इमारतीतील सर्वांत वरच्या मजल्याच्या बाबतीत हवामान आणि साधे गणित एकाच निष्कर्षाकडे नेतात : उष्णतारोधनाचा पहिला खर्च गच्चीवर व्हावा.

समशीतोष्ण शहरातील ऊन

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार देशाचे उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, संमिश्र, समशीतोष्ण आणि शीत असे पाच हवामान विभाग आहेत. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बेंगळुरू समशीतोष्ण विभागात मोडते. तरीही उन्हाळा सौम्यच राहील, असे गृहीत धरता येत नाही. २४ एप्रिल २०१६ रोजी शहराचे तापमान ३९.२ अंश सेल्सिअसवर पोहोचले होते.

शहर सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने एप्रिलच्या अखेरीस दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो. अशा वेळी उत्तर आणि दक्षिणेकडील भिंतींवर ऊन तिरपे व अल्प पडते, तर गच्ची मात्र दिवसभर तापते. स्लॅबमध्ये साठलेली उष्णता काही तासांनी खोलीत उतरते. बाहेर गारवा आल्यानंतरही वरच्या मजल्यावर उकाडा राहतो, तो यामुळेच.

पहिल्या २५ मिलिमीटरचे महत्त्व

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिते’चा पहिला भाग प्रसिद्ध केला. छतातून होणाऱ्या उष्णतेच्या वहनाचा दर, म्हणजेच यू-मूल्य, दर चौरस मीटरला प्रति अंश १.२ वॉटपेक्षा अधिक नसावे, अशी मर्यादा त्यात आहे. हे मूल्य जितके कमी, तितका उष्णतेला होणारा अटकाव अधिक.

केवळ १५० मिलिमीटर जाडीच्या काँक्रीट स्लॅबचे यू-मूल्य सुमारे ३.३ भरते. त्यावर एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरीन, म्हणजे ‘एक्सपीएस’ फोमचा २५ मिलिमीटरचा थर दिल्यास ते सुमारे ०.९ वर येते. थर दुप्पट, म्हणजे ५० मिलिमीटर केल्यास ते सुमारे ०.५ होते. पहिल्या २५ मिलिमीटरमुळे उष्णतेचे वहन जवळपास तीन-चतुर्थांशाने घटते. पुढच्या तितक्याच जाडीचा लाभ त्यामानाने बराच कमी असतो. त्यामुळे गच्चीवर माफक थर घालून उरलेली रक्कम खिडक्यांच्या सावलीसाठी वापरणे अधिक किफायतशीर ठरते.

उष्णतारोधक थर स्लॅबच्या वर असावा. खोलीच्या आतून, फॉल्स सीलिंगच्या वर थर दिल्यास काँक्रीट तापतच राहते आणि दिवस-रात्रीच्या प्रसरण-आकुंचनाचा ताण त्यावर येतो.

साहित्य निवडताना

एक्सपीएस फोम पाणी फारसे शोषत नाही व दाब सहन करतो. त्यामुळे जलरोधक थराच्या वर तो अंथरून त्यावर कोबा किंवा फरशी करता येते. थर्माकोल, म्हणजे ‘ईपीएस’, स्वस्त असतो. मात्र वापरासाठीच्या गच्चीवर अधिक घनतेचा थर्माकोल घ्यावा लागतो आणि त्याचे ओलीपासून रक्षण करावे लागते. पॉलियुरेथेन फोम तितक्याच जाडीत अधिक उष्णता रोखतो, परंतु उन्हाने त्याची झीज होते. म्हणून त्यावर संरक्षक लेप आवश्यक असतो. रॉकवूल जळत नाही, पण भिजल्यावर त्याची रोधनक्षमता घटते.

महाराष्ट्रात परिचित असलेला ब्रिकबॅट कोबा प्रामुख्याने जलरोधनासाठी असतो. त्याने उष्णताही काही प्रमाणात अडते. मात्र स्लॅबवरील भार वाढतो. कमी खर्चाचा उपाय म्हणजे पांढरा परावर्तक रंग किंवा पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी. तेलंगणाने २०२३ मध्ये अशा ‘शीत छतां’साठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. धूळ आणि शेवाळामुळे परावर्तन घटते, म्हणून पृष्ठभाग नियमितपणे धुवावा लागतो.

भिंतींचा विचार

भिंती व खिडक्यांमधून घरात येणारी उष्णता सरासरी दर चौरस मीटरला १५ वॉटपेक्षा अधिक नसावी, अशी अट २०१८ च्या संहितेत समशीतोष्ण विभागासाठी आहे. यात काचेतून येणाऱ्या उन्हाचा वाटा मोठा असतो. पूर्व-पश्चिमेकडील खिडक्यांचा आकार मर्यादित ठेवणे आणि त्यांना बाहेरून सावली देणे हे भिंतीवर फोम लावण्याआधी करावयाचे काम आहे.

प्लास्टर वगळता २३० मिलिमीटर विटांच्या भिंतीचे यू-मूल्य सुमारे २.२, तर २०० मिलिमीटर एएसी ब्लॉकच्या भिंतीचे सुमारे ०.८ असते. भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये सुरू झालेल्या ‘अस्त्र’ कार्यक्रमातून विकसित झालेले स्थिरीकृत मातीचे ब्लॉकही बेंगळुरूत वापरले जातात. ते उष्णतारोधक नव्हेत. जाड भिंत दिवसाची उष्णता सामावून घेते, इतकेच. रात्री खिडक्या उघडून ती बाहेर घालवावी लागते. बेंगळुरूत एप्रिलमध्येही रात्रीचे सरासरी किमान तापमान २२ अंशांच्या आसपास असल्याने हे शक्य होते. उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्रफळ चटई क्षेत्राच्या किमान १२.५ टक्के असावे, असे संहिता सांगते. भिंतींत जाड रोधन करून खिडक्या बंद ठेवल्यास स्वयंपाकघर आणि विद्युत उपकरणांची उष्णता आतच कोंडते.

आगीचा धोका

थर्माकोल, एक्सपीएस आणि पॉलियुरेथेन हे ज्वलनशील पदार्थ आहेत. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ जणांचा मृत्यू झाला. ती आग इमारतीच्या बाह्य आवरणातील ज्वलनशील साहित्यामुळे पसरली होती. कोब्याखाली झाकलेल्या फोमचा धोका मर्यादित असतो. उंच इमारतीच्या बाह्य भिंतींसाठी मात्र रॉकवूलसारखे न जळणारे साहित्यच सुरक्षित ठरते. खरेदीपूर्वी उष्णतावाहकता, घनता, पाणी शोषण आणि अग्निरोधकता यांचे चाचणी अहवाल मागून घ्यावेत.

इतर शहरांत

हेच नियम सर्वत्र जसेच्या तसे लागू होत नाहीत. संमिश्र हवामानाच्या नागपुरात उन्हाळ्याच्या रात्रीही तापलेल्या असतात. वातानुकूलन अधिक काळ चालत असल्याने तेथे भिंतींच्या रोधनाचा खर्च भरून निघण्याची शक्यता अधिक असते. उष्ण-दमट मुंबईत वायुवीजनाला अधिक महत्त्व असून संहितेने तेथे उघडत्या खिडक्यांचे किमान प्रमाण १६.६६ टक्के ठेवले आहे. गच्चीचे रोधन मात्र तिन्ही शहरांत प्राधान्याचे आहे. जलरोधनाचे काम सुरू असतानाच ते केल्यास फरशी पुन्हा उखडण्याचा खर्च टळतो.