पाण्यावरचे बिऱ्हाड

आम्हा केंद्र सरकारच्या चाकरांना बिऱ्हाड हलविण्याचे नावीन्य फारसे उरलेले नाही. बदलीचा हुकूम आला की ट्रंका बांधावयाच्या, मुलांच्या शाळेचे दाखले काढावयाचे आणि नव्या गावी शेजारीपाजारी कोणी मराठी माणूस आहे काय, याची चौकशी करावयाची. परंतु प्रकृतीसाठी बिऱ्हाड हलविणे ही गोष्ट निराळी. मोठ्या दुखण्यातून उठलेली काही अमेरिकन जोडपी हल्ली घर विकून मोटारीतच संसार थाटतात आणि बारा महिने हिंडतात, असे वाचनात येते. दोन वर्षांपूर्वी फुप्फुसाच्या दुखण्यात क्वार्टरच्या खोलीत पडून असता आम्हांलाही ह्या कल्पनेचा मोह पडला होता. पुढे एका जुन्या जोडप्याचा इतिहास हाती आला, आणि हवापालट ह्या शब्दाकडे आम्ही दुसऱ्या बाजूने पाहू लागलो.

ते जोडपे म्हणजे ‘ट्रेझर आयलंड’चा कर्ता रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन आणि त्याची पत्नी फॅनी. दीपस्तंभ बांधणाऱ्या एडिंबरोच्या घराण्यातला हा मुलगा लहानपणापासून छातीचा कच्चा. खोकल्याबरोबर रक्त पडे. त्या काळच्या लोकांनी त्याला क्षय ठरविले. आजचे काही वैद्य त्याविषयी शंका घेतात. फॅनी त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी, अमेरिकन, घटस्फोट घेतलेली. तिचा धाकटा मुलगा १८७६ साली पॅरिसमध्ये क्षयानेच गेला होता. तेव्हा १९ मे १८८० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तिने ह्या माणसाशी लग्न केले, ते पुढे काय वाढून ठेवले आहे हे पुरते जाणून केले, असेच म्हणावे लागते.

लग्नानंतरचे पहिले बिऱ्हाड कॅलिफोर्नियातल्या सेंट हेलेना डोंगरावर. समुद्राचे धुके लुईला सोसत नसे, आणि हॉटेलात राहण्याइतका पैसा जवळ नव्हता. म्हणून चांदीच्या एका बंद पडलेल्या खाणीवरची मजुरांची ओसाड झोपडी त्यांनी गाठली. दारे नाहीत, खिडक्यांना काचा नाहीत. फॅनीने खिडक्यांवर कापड ठोकून त्या जागेचे घर केले. आणि मग काय व्हावे? तिला व मुलगा लॉईड याला घटसर्प झाला! सारी मंडळी काही दिवस डोंगर उतरून खाली आली. लुईने ह्या वास्तव्यावर एक सुरेख पुस्तक लिहिले. वाचताना ती सहल वाटते.

पुढे दोन हिवाळे स्वित्झर्लंडमध्ये दावोस येथे गेले. ‘ट्रेझर आयलंड’ तेथेच पुरे झाले. उंचावरच्या थंड हवेत लुईला बरे वाटे. फॅनीच्या हृदयाला मात्र तीच उंची बाधे. ही ओळ वाचून आम्ही पुस्तक मिटले. आमच्या दुखण्यात डॉक्टरांनी कोरडी हवा सांगितली, म्हणून आम्ही तशा गावी बदली मागून घेतली होती. आमचा खोकला थांबला. आणि पहिल्याच उन्हाळ्यात सौभाग्यवतींचा घोळणा फुटू लागला. बदलीच्या अर्जात कुटुंबियांच्या प्रकृतीसाठी जागा असते, पण आपल्या औषधाने दुसऱ्याला जडलेले दुखणे कोणत्या रकान्यात लिहावयाचे, ते आम्हांला अद्याप उमगलेले नाही.

दावोसनंतर दक्षिण फ्रान्स, आणि १८८४ पासून तीन वर्षे इंग्लंडात बोर्नमथ. तेथे लुई बहुधा अंथरुणावरच. ‘जेकिल आणि हाईड’ ही कथा अशा स्थितीत लिहिलेली आहे. क्षयाचे जंतू कॉखने १८८२ साली दाखविले होते. फॅनी ‘लॅन्सेट’ हे वैद्यकाचे नियतकालिक वाचून आपली तयारी ठेवी. सर्दी झालेल्या पाहुण्याला ती उंबरठ्याच्या आत घेत नसे. नवऱ्याच्या मित्रमंडळींत त्यामुळे ती खाष्ट ठरली. आपल्याकडेही आजारी माणसाला सारे जपतात, आणि त्याच्या दाराशी बसणाऱ्या बाईला नावे ठेवतात.

१८८७ साली वडील वारले. त्यांच्या वारशाचा पैसा हाती आला आणि मंडळी अमेरिकेस गेली. एक हिवाळा सॅरनॅक लेक येथे, क्षयरोगाचे प्रसिद्ध वैद्य ट्रूडो यांच्या नजरेखाली काढला. तेथली थंडी लुईला मानवली, फॅनीला नाही. दुसऱ्या वसंतात ती कॅलिफोर्नियात गेली असता ‘कॅस्को’ नावाचे शिडाचे जहाज भाड्याने मिळण्याजोगे आहे असे तिला कळले, आणि तिने नवऱ्याला तार केली. समुद्र लागून जी बाई बेजार होई, तिनेच ते जहाज शोधावे, हे आम्हांला ह्या साऱ्या इतिहासातले सर्वांत विलक्षण वाटते.

२८ जून १८८८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून जहाज सुटले. बरोबर लुईची वृद्ध आई, लॉईड आणि एक मोलकरीण. रोगी वाटेतच जाणार असे समजून कप्तानाने जलसमाधीचीही तयारी ठेवली होती, असे सांगतात. पण खाऱ्या वाऱ्यात लुई अनवाणी डेकवर हिंडू लागला. फॅनी खाली पोट धरून पडे, आणि उठली की जेवणाची व्यवस्था पाही. तिच्या पत्रांतून समुद्राचा तिटकारा लपत नाही.

ताहितीच्या परिसरात लुईला पुन्हा रक्त पडले. फॅनीने एका चिन्याकडून गाडी व घोडे मिळविले आणि ओढे ओलांडीत त्याला तौतिरा गावी पोहोचविले. तेथल्या मोए नावाच्या राजघराण्यातल्या स्त्रीने नारळाच्या रसातली कच्ची मासळी भरवून त्याला उभा केला. तेवढ्यात जहाजाची डोलकाठी कुजली असल्याचे ध्यानात आले! सारा काळ हे कुटुंब तिच्या भरवशावर समुद्रात होते. दुरुस्तीचे दोन महिने ओरी नावाच्या गावमुख्याने त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले.

घरी परतावे असा बेत होता. परंतु १८९० साली सिडनीत जुने दुखणे उलटले. फॅनी गोदीत हिंडून ‘जॅनेट निकोल’ ह्या व्यापारी आगबोटीवर जागा मिळवून आली. ऑकलंड सोडल्यावर एका सहप्रवाशाने खरेदी केलेल्या शोभेच्या दारूने केबिनमध्ये पेट घेतला. खलाशी जळती ट्रंक समुद्रात फेकणार, तोच फॅनीने त्यांना अडविले. तीत नवऱ्याची हस्तलिखिते होती. ह्या सफरीची तिने रोजनिशी ठेवली, तीदेखील नवऱ्याला लेखनासाठी टिपणे मिळावीत म्हणून.

अखेर सामोआत वैलिमा येथे जमीन घेऊन बिऱ्हाड स्थिरावले. फॅनीने जंगल तोडून मळा उठविला. तिचा आत्मा शेतकऱ्याचा आहे असे लुई एकदा बोलून गेला, ते तिच्या जिव्हारी लागले. स्वतःला ती लेखिका समजत असे. १८९३ मध्ये तिच्या मनाचा तोल गेला, तेव्हा मात्र उशाशी बसण्याची पाळी लुईवर आली, आणि तो बसला.

३ डिसेंबर १८९४ च्या संध्याकाळी स्वयंपाकात तिला मदत करीत असता तो कोसळला. ज्या छातीसाठी चौदा वर्षे देशोदेशी फिरले, ती नव्हे. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. वय अवघे चव्वेचाळीस. सामोअन लोकांनी जंगल तोडून वाएआ डोंगरावर वाट काढली आणि शिखरावर त्याला पुरले.

फॅनी कॅलिफोर्नियात परतली व १९१४ साली वारली. ‘जॅनेट निकोल’ची तिची रोजनिशी त्याच वर्षी छापून निघाली. १९१५ मध्ये मुलीने तिची रक्षा नवऱ्याच्या थडग्यात ठेवण्यासाठी सामोआत नेली. तोही प्रवास समुद्रावरूनच झाला.