उतरावयाचे कोठे? : घाटावरून कोकणात जाणाऱ्या वाटांचा इतिहास

प्रतिवर्षी डिसेंबरमध्ये आमच्या मराठी विभागाची अभ्याससहल निघते. महाविद्यालय कृष्णाकाठचे, त्यामुळे विद्यार्थ्यांना समुद्राची ओढ मोठी. अभ्यासाचा विषय कोणताही ठरो, सहल अखेरीस घाट उतरून कोकणातच जाते. मागील सहलीच्या वेळी विद्यार्थ्यांच्या समितीने तयार केलेला कागद अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्यावर तीन मथळे होते : कोठे उतरायचे, काय खायचे, काय पाहायचे. दुसऱ्या आणि तिसऱ्या मथळ्याखाली भरगच्च मजकूर होता. उकडीचे मोदक, घावन, सोलकढी, सुरमई. हर्णैचा मासळीचा लिलाव, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, बाणकोटचा किल्ला. पहिल्या मथळ्याखाली मात्र एक नाव लिहून खोडलेले होते.

कारण विचारले तेव्हा समितीची प्रमुख असलेली विद्यार्थिनी सहजपणे म्हणाली, "सर, खोल्यांचे बुकिंग तुमच्या नावावर करूया. त्यांनी फोनवर माझे आडनाव विचारले, मग घरी विचारून सांगतो म्हणाले." मी ‘ठीक आहे’ म्हणालो आणि तासाला गेलो. त्या ‘ठीक आहे’चा अर्थ रात्री घरी आल्यावर लक्षात आला. माझ्या आडनावाने जे दार उघडणार होते ते तिच्या आडनावाने उघडत नव्हते. आणि ही व्यवस्था तिने व मी, दोघांनीही क्षणार्धात मान्य करून टाकली होती. प्रस्तुत लेख त्या रात्रीच्या अस्वस्थतेतून लिहिला आहे. कोठे उतरावे, काय खावे आणि काय पाहावे हे तीन प्रश्न आपण सहलीच्या गमतीचे मानतो. साताऱ्या-सांगलीकडून कोकणात उतरणाऱ्या वाटांवर या तीन प्रश्नांचा एक गंभीर इतिहास आहे आणि तो आपल्या वाङ्मयाच्या इतिहासाशीही निगडित आहे.

प्रथम थोडा भूगोल पाहू. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानला जातो. त्यांपैकी कृष्णा पूर्वेकडे वळून वाई, कराड करीत सांगलीस येते. सावित्री पश्चिमेस कोसळून पोलादपूर, महाडवरून बाणकोटच्या खाडीत समुद्रास मिळते. एकाच डोंगरमाथ्यावरच्या या दोन बहिणी. माणसांच्या वाटाही नद्यांसारख्याच. साताऱ्याहून महाबळेश्वर व आंबेनळी घाटाने महाड, कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूण, सांगलीहून कोल्हापूर व आंबा घाटाने रत्नागिरी, अशा या तीन मुख्य वाटा. आमचे सांगली शहर ज्यांच्या राजधानीचे होते त्या पटवर्धनांचे मूळ गाव गणपतीपुळ्याजवळचे कोतवडे. हरभट पटवर्धन तेथून घाटावर आले, इचलकरंजीकर घोरपड्यांचे कुलोपाध्याय झाले, आणि त्यांच्या वंशजांनी सांगली, मिरज, तासगाव या भागात सत्ता गाजविली. सांगलीचे आणि तासगावचे गणपती मंदिर पाहताना पुळ्याच्या गणपतीची आठवण ठेवावी, ती यासाठी.

जुन्या काळी या वाटांनी जाणाऱ्यास ‘कोठे उतरावे’ हा प्रश्न पडत नसे, असे म्हणण्याची पद्धत आहे. नातलगाचे घर, कुलदैवताच्या गावचा पुजारी, देवळाची ओवरी, गावची धर्मशाळा, यांपैकी काहीतरी असेच. आजही घाटावरची कितीतरी कुटुंबे गुहागरचा व्याडेश्वर, वेळणेश्वर, हेदवीचा गणेश अशा आपापल्या दैवतांना वर्षाआड जातात, ठरलेल्या घरी उतरतात आणि केळीच्या पानावर जेवून परततात. या आतिथ्याची गोडी खरी आहे. ती मी स्वतः चाखली आहे. परंतु ‘प्रश्न पडत नसे’ या वाक्याचा कर्ता कोण, हे विचारावयास हवे.

मराठी प्रवासवर्णनाचा इतिहास शिकविताना आपण गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथापाशी आदराने थांबतो. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांसह उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धुमाळीत सापडले. पुढे चिंतामणराव वैद्य यांनी तो वृत्तांत १९०७ साली प्रसिद्ध केला. भटजींच्या वाट्याला लूटमार आली, झाशीचा वेढा आला, उपासमारही आली. त्यांच्या धैर्याविषयी आणि निवेदनशक्तीविषयी कोणास शंका नाही. तथापि एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अनोळखी मुलखात, भाषा वेगळी असताना, त्यांची जात आणि विद्या हीच त्यांची ओळखपत्रे ठरतात. ब्राह्मण म्हणून त्यांना आश्रय, अन्न आणि दक्षिणा मिळते. युद्धाने वाट अडविली तरी जन्माने ती खुली ठेवलेली असते.

आता या ग्रंथाशेजारी दुसरा एक मजकूर ठेवावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे इंग्रजीतील छोटेखानी आत्मपर लेखन त्यांच्या पश्चात, १९९० साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्यातील पहिली आठवण सातारा जिल्ह्यातील आहे. आंबेडकरांचे घराणे मूळचे कोकणातले. आंबडवे हे त्यांचे गाव आज मंडणगड तालुक्यात येते. लष्करातून निवृत्त झालेले वडील काही काळ दापोलीस राहिले आणि नंतर नोकरीनिमित्त साताऱ्यास आले. म्हणजे पटवर्धनांसारखेच तेही कोकणातून घाट चढून आलेले कुटुंब. १९०० साली भीमराव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. १९०१ च्या उन्हाळ्यात वडील खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळी कामावर रोखपाल होते. त्यांना भेटावयास भीमराव, त्यांचे बंधू आणि भाचे अशी मुले नवे कपडे घालून, आगगाडीने मसूर स्थानकावर उतरली. पत्र वेळेवर न पोहोचल्याने न्यावयास कोणी आले नव्हते. मुले कोणाची हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. गाडीवान गाडी देईनात. अखेर दुप्पट भाडे आणि बैल मुलांनीच हाकायचे, गाडीवान बाजूने चालणार, अशा अटीवर गाडी मिळाली. रात्री टोलनाक्यापाशी मुक्काम पडला. शिदोरी भरपूर होती. पाणी कोणी दिले नाही. मुले उपाशी निजली. लेखक तेव्हा नऊ वर्षांचा होता.

ह्या लेखनाकडे आपण आत्मकथन म्हणून, क्वचित सामाजिक दस्तऐवज म्हणून पाहतो. माझे म्हणणे असे की, ते प्रवासवर्णन म्हणून वाचावे. त्यात आमच्या सहलीच्या कागदावरचे तिन्ही प्रश्न आहेत. मसूरच्या वाटेवर खाण्यापिण्याचा. बडोद्यात उतरण्याचा : उच्च शिक्षण घेऊन परतलेल्या आंबेडकरांना पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि ओळख पटताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. दौलताबादला पाहण्याचा : १९३४ साली सहकाऱ्यांसह किल्ला पाहावयास गेले असता, प्रवेशद्वाराजवळच्या हौदाचे पाणी वापरले म्हणून तेथील मुसलमानांशी वाद झाला आणि किल्ल्यात पाण्याला शिवू नये म्हणून सोबत पहारेकरी देण्यात आला. गोडसे भटजींच्या प्रवासात अडथळे बाहेरून येतात. येथे प्रवासी हाच समाजाच्या दृष्टीने अडथळा ठरतो. मराठी प्रवासवर्णनाची व्याख्या करताना हा दुसरा प्रवासी आपण वर्गाबाहेर उभा ठेवला आहे.

आता पुन्हा घाट उतरू. सावित्रीच्या काठी, महाबळेश्वरच्या पायथ्याकडे, महाड आहे. इंग्रज अमलात १८२८-२९ च्या सुमारास साताऱ्याचे राजे प्रतापसिंह यांच्याकडून घेतलेल्या जागेवर माल्कम पेठ वसली आणि साहेबलोकांचे बंगले उभे राहिले. रस्त्यांवर प्रवासी बंगले, ज्यांना आपण डाक बंगले म्हणतो, तेही त्याच राजवटीचे. अशा बंगल्यात उतरण्यास देवळाची ओळख लागत नव्हती. सरकारी दर्जा मात्र लागत होता. दरम्यान ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या वा चालविलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असे त्याने सुचविले. धर्मशाळा हा शब्द येथे मुद्दाम पाहावा. पाण्याच्या बरोबरीने उतरण्याच्या जागेचा प्रश्न त्यात होता. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. तळ्यांच्या त्या गावात परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. २० तारखेस मिरवणुकीने जाऊन तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर परिषदेचे लोक मंडपात जेवत होते, कोणी परतीची तयारी करीत होते. तोच जमावाने हल्ला केला आणि अन्न धुळीत मिळविले. आंबेडकर डाक बंगल्यात उतरले होते. वार्ता त्यांना तेथे कळली. नगरपालिकेने ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये सत्याग्रहासाठी आंबेडकर मुंबईहून बोटीने बाणकोटच्या खाडीतून दासगावला उतरले आणि तेथून पायी महाडला गेले. परिषदेस जागा दिली ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी. तळ्याचा खटला चालला आणि मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. एक घोट पाण्यासाठी दहा वर्षे.

या काळात उतरण्याच्या आणि जेवण्याच्या नव्या जागा निर्माण करण्याचे प्रयत्नही याच वाटांवर झाले. आंबा घाटाच्या वाटेवरील कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळावर चहाचे हॉटेल काढले. तेथे कोणी चहा घेईना, तेव्हा महाराज स्वतः येऊन चहा पिऊ लागले. घाट उतरून रत्नागिरीत जावे, तर तेथे भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले पतितपावन मंदिर १९३१ साली सर्व हिंदूंना खुले झाले आणि १९३३ साली सावरकरांच्या पुढाकाराने सर्व जातींच्या हिंदूंसाठी उपाहारगृह निघाले. ‘हिंदू’ या शब्दातच त्याची मर्यादा होती. तरीही एका पंगतीस नकार देणाऱ्या शहरात ते एक पाऊल होते. साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढले. कर्मवीरांचे घराणे आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत आणि एकाच स्वयंपाकाचे अन्न जेवत. १९२७ साली, महाडच्याच वर्षी, गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण झाले. मला या सर्व प्रयत्नांत बोर्डिंग अधिक मोलाचे वाटते. महाराजांचा चहा ही कृपा होती. बोर्डिंगातील भाकरी मुलांनी स्वतः राबून मिळविलेली होती.

या सगळ्या झगड्याचे सार २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात आहे. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीच्या जागा. तसेच सार्वजनिक निधीतून राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून तेथे कोणास मज्जाव करता येणार नाही. विद्यार्थ्यांना मी हा खंड वाचून दाखवितो तेव्हा ते म्हणतात, सर, ही तर सहलीचीच यादी आहे. खरोखरच तशी ती आहे. मसूर, बडोदे, दौलताबाद आणि महाड येथे बंद झालेली दारे त्या यादीत एकेक करून मोजलेली आहेत.

कोकणात आता घरोघरी निवास-न्याहारीची सोय झाली आहे. पर्यटकांना घरगुती जेवण हवे असते आणि घरांना उत्पन्न हवे असते. हे चांगलेच आहे. परंतु जुन्या आतिथ्याबरोबर जुना प्रश्नही त्या घरात शिरू शकतो. ‘आम्ही घरगुती आहोत’ हे वाक्य स्वयंपाकाविषयी असेल तर स्वागतार्ह आहे; पाहुण्याच्या आडनावाविषयी असेल तर नाही. पैसे घेऊन उघडलेले दार अर्धे उघडे ठेवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी विद्यार्थिनीची क्षमा मागितली. बुकिंग तिच्याच नावावर होईल आणि जेथे होईल तेथेच आपण उतरू, असे समितीने ठरविले. त्या पहिल्या घरी खोल्या भरल्याचे कळले. त्याच किनाऱ्यावरच्या दुसऱ्या घरी तिने फोन केला. पलीकडून मावशींनी दोनच प्रश्न विचारले : माणसे किती, आणि मासे चालतात का?

आम्ही आंबेनळी घाटाने उतरलो. महाडला चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर बसून महाडच्या परिषदेचा वृत्तांत वाचला. आंबडव्याचे स्मारक पाहिले, दापोलीस मुक्काम केला, हर्णैचा लिलाव पाहिला, दाभोळची खाडी फेरीबोटीने ओलांडून गुहागरला गेलो आणि कुंभार्ली घाटाने परतलो. परतीच्या वाटेवर बस मसूरवरून न्यावी, असे त्या विद्यार्थिनीने सुचविले. स्थानकाबाहेर सर्वांनी चहा घेतला. पाण्याच्या बाटल्या भरून घेताना आम्हांला कोणी काही विचारले नाही.