एका पुलाचे दोन कागद

कंपनीच्या कामासाठी सहा महिने म्युनिकला होतो तेव्हाची गोष्ट. जूनमधल्या एका शनिवारी मारिएनप्लाट्झच्या चौकात गेलो, तर सगळीकडे मांडव, बँड आणि बिअर. चौकशी केल्यावर कळलं, शहराचा वाढदिवस आहे. शहराला वाढदिवस असतो याचीच मला गंमत वाटली. पुण्याचा वाढदिवस कधी असं कुणी विचारलं, तर मला सांगता येणार नाही.

म्युनिकची तारीख मात्र पक्की आहे: १४ जून ११५८. त्या दिवशी तिथे कुणी पायाभरणी केली नव्हती. शेजारच्या आउग्सबुर्गमध्ये सम्राट फ्रेडरिक बार्बारोसानं एका भांडणाचा निवाडा दिला आणि त्या कागदात ‘मुनिखेन’ हे नाव पहिल्यांदा आलं. म्हणजे या शहराचा जन्मदाखला हा मुळात एक कोर्टाचा निकाल आहे. आणि भांडण होतं मिठाच्या जकातीचं.

राइखेनहालच्या खाऱ्या झऱ्यांमधलं मीठ गाड्यांवर लादून पश्चिमेला जायचं. वाटेत इसार नदी. ती ओलांडायला फ्यॉरिंगला पूल होता. पूल, बाजार आणि जकात, तिन्ही फ्रायसिंगच्या बिशपकडे. काही किलोमीटर वरच्या अंगाला, आपल्या हद्दीत, नव्या ड्यूकनं दुसरा पूल आणि बाजार उभा केला. हा ड्यूक म्हणजे वेल्फ घराण्यातला हाइनरिश, ज्याला इतिहास ‘सिंह’ म्हणून ओळखतो. ११४२ पासून तो सॅक्सनीचा ड्यूक होता, ११५६ मध्ये त्याला बव्हेरियाही मिळालं. जर्मनीत सम्राटाखालोखाल त्याचाच दरारा होता.

आता नाती बघा. हाइनरिश हा बार्बारोसाचा मामेभाऊ. बिशप ओटो हा बार्बारोसाच्या वडिलांचा सावत्र भाऊ, म्हणजे काका, शिवाय सम्राटाच्या पराक्रमाचा इतिहास लिहिणारा. एका बाजूला मामेभाऊ, दुसऱ्या बाजूला काका. सम्राटानं मधला मार्ग काढला. फ्यॉरिंगचा पूल, बाजार आणि जकात बंद, सगळं म्युनिकला. मोबदला म्हणून म्युनिकच्या जकातीचा एक तृतीयांश वाटा बिशपला. कागदाची भाषा शांत आहे. कुणी जबरदस्ती केली, कुणी काही मोडलं, असं त्यात कुठेही नाही. दोन मोठी माणसं एकमेकांशी सहमत झाली, एवढंच. ओटो त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वारला.

पुढची अठरा वर्षं हाइनरिशची भरभराटीची. ल्यूबेक त्यानं काउंट आडोल्फकडून मिळवून ११५९ मध्ये नव्यानं वसवलं. ब्राउनश्वाइगच्या वाड्यासमोर कांस्याचा सिंह उभा केला. ११६८ मध्ये इंग्लंडच्या राजाची मुलगी माटिल्डा हिच्याशी लग्न केलं, ११७२ मध्ये जेरुसलेमची यात्रा केली. पूर्वेकडच्या स्लाव लोकांचा मुलूख तलवारीनं घेतला. ओबोट्राइटांचा राजा निक्लोट ११६० मध्ये मारला गेला, त्याच्या एका मुलाला हाइनरिशनं ११६४ मध्ये फासावर दिलं.

मग ११७६ साल आलं. इटलीतल्या शहरांशी लढताना बार्बारोसाला फौज कमी पडत होती. आल्प्सच्या पायथ्याशी किआवेन्नाला दोघं भेटले. नंतरच्या बखरकारांनी रंगवलंय, की सम्राट आपल्याच सरदारापुढे गुडघ्यावर बसला आणि सरदारानं बदल्यात गोस्लारच्या चांदीच्या खाणी मागितल्या. गुडघ्याचं जाऊ द्या, मदत मिळाली नाही हे खरं. त्याच वर्षी २९ मे रोजी लेन्यानोला सम्राटाचा पराभव झाला.

सॅक्सनीतले सरदार आणि बिशप वर्षानुवर्षं हाइनरिशविरुद्ध तक्रारी करत होते आणि सम्राट त्या कानाआड करत होता. आता त्या ऐकून घेतल्या जाऊ लागल्या. बोलावणी गेली, हाइनरिश हजर झाला नाही. ११८० मध्ये सॅक्सनीचे तुकडे पडले, बव्हेरिया विटेल्सबाखच्या ओटोला मिळालं. त्याचं घराणं तिथे १९१८ पर्यंत टिकलं.

त्याच वर्षी, १३ जुलैला, रेगेन्सबुर्गमध्ये तो जुना पूल पुन्हा निघाला. सम्राट तोच, पूल तोच. पण नवा कागद म्हणतो, की ‘एकेकाळच्या’ ड्यूकनं फ्यॉरिंगचा बाजार पुलासकट उद्ध्वस्त करून बळजबरीनं म्युनिकला नेला. सबब तो परत फ्यॉरिंगला द्यावा. ज्या व्यवहारावर स्वतः शिक्कामोर्तब केलं होतं, तो बावीस वर्षांनी सम्राटाला गुन्हा दिसला.

हे वाचलं आणि मी लॅपटॉप मिटला. कारण असा दुसरा कागद मी स्वतः लिहिला आहे.

आधीच्या प्रोजेक्टमध्ये आमच्या सीनियरनं डेटाबेस बदलायचा निर्णय घेतला होता. त्याची टिपणं मीच लिहिली होती, ‘टीमच्या संमतीनं’ हे शब्दही माझेच. वर्षभरानं तो वरिष्ठांशी खटके उडून बाहेर पडला. दोन महिन्यांनी एका रात्री सिस्टिम बसली आणि अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, ‘हा बदल संबंधितानं परस्पर केला होता.’ मला कुणी तसं लिहायला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच पडली नाही. सगळ्यांना ते वाक्य आवडलं.

हाइनरिश काही बिचारा नव्हता. पूल त्यानं बहुधा खरोखरच मोडला असणार, त्याच्या एकंदर वागण्याला ते धरून आहे. प्रश्न असा, की ते ११५८ मध्ये का लिहिलं गेलं नाही आणि ११८० मध्येच का लिहिलं गेलं. त्यानंतर तो इंग्लंडच्या राजाच्या, म्हणजे सासऱ्याच्या, आश्रयाला गेला, परतला, पुन्हा हद्दपार झाला आणि ६ ऑगस्ट ११९५ ला ब्राउनश्वाइगमध्ये वारला. मेल्यावरही त्याच्या नावानं कागद लिहिले जातच राहिले. १९३५ मध्ये नाझींनी त्याची कबर उकरली आणि पूर्वेकडे मुलूख जिंकणारा अस्सल जर्मन वीर म्हणून त्याला मिरवलं. त्यांच्या गोष्टीत एक गोष्ट बसत नव्हती. निक्लोटचा दुसरा मुलगा प्रिबिस्लाव पुढे हाइनरिशचा मांडलिक झाला, त्याच्याबरोबर जेरुसलेमला गेला, आणि त्याच्या मुलाला हाइनरिशनं आपली मुलगी दिली. मेक्लेनबुर्गचं स्लाव राजघराणं १९१८ पर्यंत चाललं ते याच जावयाच्या वंशातून.

रेगेन्सबुर्गचा निकाल कागदावरच राहिला. मिठाच्या गाड्यांना म्युनिकचा रस्ता पाठ झाला होता, बाजार परत गेलाच नाही. आज त्या जुन्या पुलाच्या जागी लुडविग्सब्र्यूकं आहे. मी रोज ट्रामनं त्यावरून जायचो.

परत आल्यावर तो अहवाल उघडला. जुनं वाक्य खोडलं नाही, खाली एक ओळ लिहिली: ‘या निर्णयाच्या चर्चेत मी होतो आणि माझी त्याला संमती होती.’ खाली नाव आणि तारीख. ती अजून कुणी वाचली असेल असं वाटत नाही.