कॉम्प्युटरची तहान

नीरा आणि भीमा जिथे मिळतात त्या नरसिंहपूरच्या पट्ट्यात पाण्याचा हिशेब शेंबड्या पोरालाही कळतो. धरणात किती पाणी आहे ते टीएमसीत सांगतात, आणि किती वेगाने सोडलं ते क्युसेकमध्ये. दोन आकडे माहीत असले की पाणी किती दिवस पुरेल, हे चावडीवर बसलेला माणूस बोटांवर मोजून सांगतो.

विजेचंही गणित तेच. बॅटरीत साठलेली वीज म्हणजे धरण, ती वॅट-तासात मोजतात. यंत्र दर क्षणी ओढतं ती वीज म्हणजे विसर्ग, तो वॅटमध्ये. साठ्याला विसर्गाने भागलं की यंत्र किती तास चालेल ते कळतं. पण कॉम्प्युटरचा इतिहास लिहिणारे वेग सांगतात, मेमरी सांगतात, किंमत सांगतात. यंत्राची तहान क्वचितच सांगतात. आपल्यासारख्या गावांसाठी खरा इतिहास या तहानेचाच आहे.

सुरुवातीचे 'उचलून नेण्याचे' कॉम्प्युटर नावापुरतेच तसे होते. 1981 चा ऑस्बोर्न-1 सुमारे 11 किलोचा होता आणि त्यात बॅटरीच नव्हती. जिथे न्याल तिथे भिंतीत प्लग हवाच. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1983 मध्ये, टीआरएस-80 मॉडेल 100 आला. पडद्यावर 8 ओळी, एका ओळीत 40 अक्षरं. तो टॉर्चमध्ये घालतात तसल्या चार पेन्सिल सेलवर सुमारे 20 तास चाले. चार सेलमधली वीज 10-12 वॅट-तास धरली, तर त्याची तहान जेमतेम अर्धा वॅट भरते. बातमीदारांनी तो उगाच डोक्यावर घेतला नव्हता.

पुढे पडद्यामागे दिवा आला, रंग आले, फिरणारी डिस्क आली. विसर्ग वाढला आणि धरण लहान पडू लागलं. 1989 च्या मॅकिंटॉश पोर्टेबलमध्ये शिसे-आम्लाची जड बॅटरी बसवली. तास बरे मिळाले, पण वजन सात किलोंवर गेलं. शिवाय बॅटरी पूर्ण मेली, तर प्लग लावूनही ते यंत्र सुरू होत नसे. नव्वदीच्या दशकात कॉम्प्युटर वेगवान झाले आणि बरेच लॅपटॉप दोन-तीन तासांत माना टाकू लागले. शहरात ते चालून गेलं, कारण तिथे प्लग हाताशी होता.

गावात काय झालं असतं, याची परीक्षा महाराष्ट्रातच झाली. 2007 मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट या छोट्या गावातल्या एकशिक्षकी शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या उपक्रमाचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप मुलांच्या हाती दिले गेले. आदल्याच वर्षी केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ही कल्पना नाकारली होती. एक्सओची बांधणीच मुळी तहान कमी ठेवण्यासाठी होती. फिरणारी डिस्क नव्हती, पंखा नव्हता. पडद्यामागचा दिवा बंद करून उन्हात काळी-पांढरी अक्षरं वाचता येत. 12 व्होल्टची बॅटरी किंवा सौर पॅनेल जोडलं तरी तो चार्ज होई. सुरुवातीच्या नमुन्यात हाताने फिरवायचा दांडाही होता, पण विक्रीच्या यंत्रातून तो गेला. मुलाच्या हाताला काही वॅटच निघतात आणि हात लवकर भरून येतो. गुराढोरांकडून जनित्र फिरवून चार्जिंग करण्याचे प्रयोगही या मंडळींनी भारतात करून पाहिले.

हे हसण्यावारी नेऊ नका. ते भारनियमनाचे दिवस होते. खेड्यात वीज कधी येईल आणि किती वेळ राहील, याचा भरवसा नव्हता. सुमारे 20 वॅट-तासांची बॅटरी 5 वॅटने वापरली तर 4 तास, 2 वॅटने वापरली तर 10 तास. शाळेचा दिवस भरतो की अर्ध्यावर मोडतो, हे या फरकावर ठरतं. त्या काळचा साधा लॅपटॉप 20-25 वॅट ओढत असे. त्याला ही बॅटरी फार तर तासभर पुरली असती.

हे आकडे आजही तपासता येतात का? येतात. जुन्या यंत्राची मूळ बॅटरी बहुधा मेलेली असते, त्यामुळे 'किती तास चालतो' हे थेट पाहता येत नाही. पण बॅटरी मेली तरी यंत्राची तहान तीच राहते. शक्य असेल तर बॅटरी काढून ठेवावी, नाहीतर चार्जिंगची वीजही मोजली जाते. अडॅप्टर आणि यंत्र यांच्यामध्ये मीटर लावून व्होल्ट आणि अँपिअर पाहावेत, त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट. भिंतीपाशी मोजलं तर अडॅप्टरमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी वीजही धरली जाते. यंत्र सुरू होताना, नुसतं पडून असताना, टाइप करताना आणि पडद्याचा दिवा कमी-जास्त करून असं वेगवेगळं मोजावं, कारण एकच आकडा फसवतो. मग बॅटरीवर छापलेले वॅट-तास त्या वॅटने भागावेत. ती नवी असताना किती तास टिकत असेल, याचा चांगला अंदाज येतो आणि जाहिरातीतले तास खरे होते की फुगवलेले, तेही कळतं.

ही नोंद कुणीतरी करायला हवी, कारण ती यंत्रं आता कपाटांतून भंगारवाल्याच्या गाडीवर चालली आहेत. शाळांच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये वस्तूचं नाव, खरेदीची तारीख आणि किंमत लिहायला रकाने असतात. कॉम्प्युटर किती वॅट ओढतो, यासाठी रकाना नसतो. मराठी शाळा असो की उर्दू, दारात नवं यंत्र आलं की आपण नग मोजतो, सही करतो आणि फोटो काढतो. वीज गेल्यावर ते वर्गात किती वेळ जागं राहील, हे विचारायचं राहून जातं. पुढच्या खरेदीच्या वेळी त्या रजिस्टरात हाताने एक रेघ जास्त मारावी आणि वर लिहावं : वॅट.