वसमतचे शेवटचे 'पंतप्रधान': मीर लायक अली आणि त्यांच्या सत्ताकाळाच्या आठवणी

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देशाचे पंतप्रधान कोण होते? शाळकरी मुलालाही हा प्रश्न सोपा वाटेल. पण त्या दिवशी वसमतमध्ये राहणाऱ्या माणसाला जवाहरलाल नेहरू हे उत्तर देता आले नसते. वसमत तेव्हा हैदराबाद संस्थानातल्या परभणी जिल्ह्यात होते. निजाम मीर उस्मान अली खान यांनी जून १९४७ मध्येच फर्मान काढून आपण भारतात किंवा पाकिस्तानात सामील होणार नाही, असे जाहीर केले होते. संस्थानाचे स्वतःचे चलन होते, स्वतःचे सैन्य होते, टपाल आणि रेल्वे होती आणि स्वतःचा पंतप्रधानही होता. दरबारी भाषेत या पदाला 'सदर-ए-आझम' म्हणत.

या पदावर बसलेले शेवटचे गृहस्थ म्हणजे मीर लायक अली. १९४७ च्या अखेरीपासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, म्हणजे जेमतेम दहा महिने, त्यांचा कारभार चालला. पुढे १९६२ मध्ये त्यांनी कराचीहून 'ट्रॅजेडी ऑफ हैदराबाद' या नावाने आपल्या सत्ताकाळाच्या आठवणी इंग्रजीत प्रसिद्ध केल्या. मराठवाड्यात दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदन होते, हुतात्म्यांना अभिवादन होते. ज्या सरकारचा त्या दिवशी शेवट झाला, त्याच्या प्रमुखाने स्वतःची बाजू लिहून ठेवली आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ती बाजू आपल्याला पटावी असे नाही. पण वाचायला हवी. कशी वाचायची, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

लायक अली कोण होते?

लायक अली राजकारणी नव्हते. पेशाने अभियंता, धंद्याने उद्योगपती. संस्थानातल्या मोठ्या कारखानदारीत त्यांचा वाटा होता आणि १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांतल्या पाकिस्तानच्या शिष्टमंडळातही ते होते. दिल्लीला त्यांच्याबद्दल पहिल्यापासून संशय वाटण्याचे हे एक कारण.

त्यांची नेमणूक झाली तीच मुळी एका संकटातून. त्यांच्या आधी छतारीचे नवाब सदर-ए-आझम होते. नवाब, वॉल्टर माँक्टन आणि सर सुलतान अहमद या तिघांनी दिल्लीशी बोलून एक मसुदा जवळजवळ ठरवला होता. २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे या मंडळींच्या घरांना इत्तेहादुल मुसलमीनच्या जमावाने वेढा घातला आणि शिष्टमंडळाला दिल्लीला जाऊ दिले नाही. या संघटनेचे पुढारी होते कासीम रझवी. ते लातूरचे वकील, रझाकारांचे म्होरके. छतारींनी पद सोडले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि निजाम यांच्यात एक वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. त्याच सुमारास लायक अलींकडे सूत्रे आली. रझवींना चालणारा माणूस, अशीच त्यांची ओळख तेव्हा झाली आणि ती शेवटपर्यंत पुसली गेली नाही.

दहा महिन्यांत काय घडले?

करार झाला, पण तो पाळण्यावरूनच भांडण सुरू झाले. लायक अली सरकारने भारतीय चलनाच्या वापरावर संस्थानात बंदी घातली आणि मौल्यवान धातू बाहेर नेण्यास मनाई केली. पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले. करारभंगाच्या दिल्लीच्या तक्रारींत हे मुद्दे ठळक होते. चलनबंदी हा काही फक्त दिल्ली-हैदराबादचा कागदी वाद नव्हता. वसमतच्या उत्तरेला कळमनुरीचा मुलूख ओलांडला की पैनगंगा लागते आणि पलीकडे उमरखेड, म्हणजे वऱ्हाड. नदीच्या अलीकडे हाली सिक्का, पलीकडे भारतीय रुपया. सोयरीक, बाजारहाट, जनावरांची खरेदी-विक्री मात्र दोन्हीकडे चालायची. अशा मुलखात पलीकडचा रुपया बेकायदा ठरणे म्हणजे काय, हे बाजाराला जाणाऱ्या कोणालाही समजेल.

दुसरीकडे भारताने संस्थानाची आर्थिक कोंडी केली. लायक अलींच्या बाजूची ही मोठी तक्रार होती. औषधे, मीठ, पेट्रोल यांचा तुटवडा पडला, असे हैदराबादचे म्हणणे. सिडनी कॉटन नावाचा वैमानिक रात्री कराचीहून विमानाने शस्त्रे आणून बीदर आणि वरंगलच्या धावपट्ट्यांवर उतरवू लागला. जून १९४८ मध्ये माउंटबॅटन यांच्या पुढाकाराने समझोत्याचा आणखी एक मसुदा तयार झाला. वल्लभभाईंनी नाखुशीने का होईना, त्याला संमती दिली होती. हैदराबादनेच तो नाकारला. २१ ऑगस्टला हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत शिरल्या. १६ तारखेला पॅरिसमध्ये परिषदेने हा विषय चर्चेला घेतला आणि १७ तारखेला इकडे सगळे संपले. निजामांनी रेडिओवरून शरणागती जाहीर केली. १८ सप्टेंबरला सेनापती अल इद्रूस यांनी मेजर जनरल चौधरी यांच्यापुढे रीतसर शरणागती पत्करली.

लायक अलींना हैदराबादेतच नजरकैदेत ठेवण्यात आले. मार्च १९५० मध्ये ते तिथून निसटले आणि कराचीला पोहोचले. सरकारच्या नाकाखालून माजी पंतप्रधान निघून गेल्याने दिल्लीत बरीच खळबळ उडाली.

पुस्तकात काय सापडते?

पुस्तकाचा मोठा भाग दिल्लीशी झालेल्या वाटाघाटींचा आहे. कोण काय बोलले, कोणता मसुदा कुठे अडला, याची माहिती आतल्या माणसाची असल्यामुळे अभ्यासकांना त्याचा उपयोग होतो. शेवटचे पाच दिवस, निजामांनी मागितलेला राजीनामा, नजरकैद आणि पलायन हा भागही वाचनीय आहे. भारताने आधीच ठरवले होते आणि बोलणी हा देखावा होता, हा त्यांचा मुख्य रोख. पराभवाचा ठपका ते सेनापती इद्रूस यांच्यावरही ठेवतात. गंमत म्हणजे इद्रूस यांच्याही आठवणी आहेत. 'हैदराबाद ऑफ द सेव्हन लोव्ह्ज' या नावाने त्या १९९४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी आल्या आणि त्यांत सैन्याची खरी ताकद काय होती, याचे वेगळे चित्र दिसते. पराभूत सरकारचे दोन प्रमुख एकमेकांविरुद्ध साक्ष देतात तेव्हा वाचकाने खुर्ची पुढे ओढून बसावे.

वसमतसारख्या गावचा वाचक मात्र या पुस्तकात आपले गाव शोधू लागला तर त्याची निराशा होईल. लायक अलींना संस्थान दिसते ते हैदराबाद शहरातून. सोळा जिल्हे, सुमारे १ कोटी ६० लाख लोक, त्यांतले बहुसंख्य तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारे. राज्यकारभार मात्र उर्दूत. या लोकांना कोणते सरकार हवे होते, हा प्रश्न वाटाघाटींच्या तपशिलात हरवून जातो. खेड्यात लेव्हीचे धान्य उचलणारा अंमलदार, रझाकारांच्या टोळ्या, रात्री घर सोडून शेतात किंवा सरहद्दीपलीकडे गेलेली कुटुंबे, हे सगळे त्या खिडकीतून दिसत नाही. सरहद्दीवरच्या छावण्यांतून आत येणारे लोक तिथे हल्लेखोर ठरतात. त्याच लोकांना इकडे स्वातंत्र्यसैनिक म्हणतात. वसमत तालुक्यातल्या वापटीचे बहिर्जी शिंदे या लढ्यात हुतात्मा झाले आणि वसमतचे महाविद्यालय आज त्यांच्या नावाने चालते.

त्याच दहा महिन्यांची आणखी दोन पुस्तके

सुदैवाने या काळाचे साक्षीदार अनेक आहेत. भारत सरकारचे हैदराबादेतले एजंट जनरल कन्हैयालाल मुन्शी जानेवारी १९४८ पासून तिथे होते. त्यांचे 'द एंड ऑफ ॲन एरा' १९५७ मध्ये आले. लायक अली आणि मुन्शी हे एकमेकांना भेटत, बोलत आणि एकमेकांवर अजिबात विश्वास ठेवत नसत. दोघांची पुस्तके शेजारी ठेवून वाचली की एकाच भेटीच्या दोन हकिगती कशा होतात, ते कळते. मुन्शींचे लेखन रसाळ आहे, कधी कधी जरा जास्तच.

तिसरे पुस्तक स्वामी रामानंद तीर्थ यांचे. मूळ इंग्रजी, १९६७ मध्ये मुंबईहून प्रसिद्ध झालेले. त्याचा मराठी अनुवादही आहे. लायक अली सत्तेवर होते त्यातला बहुतेक काळ स्वामीजी त्यांच्याच तुरुंगात होते आणि १७ सप्टेंबर १९४८ लाच सुटले. एकाने खुर्चीवरून लिहिले, दुसऱ्याने कोठडीतून पाहिलेले लिहिले. स्वामीजी पुढे गुलबर्गा आणि औरंगाबादमधून लोकसभेवर निवडून गेले, पण मंत्रिपदाच्या वाटेला गेले नाहीत. त्यामुळे त्यांच्या आठवणींत स्वतःच्या निर्णयांचे समर्थन करण्याची घाई कमी जाणवते. सत्ताधाऱ्याच्या आत्मकथनात ही घाई जवळजवळ नेहमीच असते.

महाराष्ट्रात असे पुस्तक मिळणे तसे दुर्मीळच. यशवंतराव चव्हाणांनी 'कृष्णाकाठ' १९४६ पर्यंत आणून थांबवले. पुढचे खंड लिहायच्या आतच नोव्हेंबर १९८४ मध्ये ते गेले. मुख्यमंत्री आणि संरक्षणमंत्री म्हणून त्यांना काय वाटले, ते त्या पुस्तकात नाही. लायक अलींचे बरोबर उलटे आहे. त्यांनी फक्त सत्तेचेच दिवस लिहिले.

चौघांच्याही पानांवर जे अपुरे राहिले

१७ सप्टेंबरनंतर काय झाले, याची नोंद आणखी एका कागदात आहे. पोलीस कारवाईनंतर अनेक भागांत मुस्लिम वस्त्यांवर सूडाचे हल्ले झाले. नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्यासह एक शिष्टमंडळ नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये पाठवले. रझाकारांचे अत्याचारही त्यांनी नोंदवले आणि नंतरच्या हत्याकांडाचा अंदाजही दिला : संस्थानभरात २७ ते ४० हजार मृत्यू. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर यांच्याबरोबर वसमतच्या शेजारचा नांदेडही आहे. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. २०१३ च्या सुमारास तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात पाहायला मिळू लागला.

लायक अलींचे समर्थक या अहवालाचा आधार घेऊन रझाकारांवर पांघरूण घालू पाहतात आणि काही जण रझाकारांचे नाव घेऊन अहवाल नाकारतात. दोन्ही गोष्टी घडल्या होत्या. एकीने दुसरी खोटी ठरत नाही.

वाचायचे तर कुठून सुरुवात करावी?

मराठी वाचकाने आधी स्वामीजींच्या आठवणी घ्याव्यात, सोबत अनंत भालेराव यांचे 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा'. नरहर कुरुंदकरांचे 'हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन' हेही जवळ ठेवावे. त्यांचे मूळ गाव कुरुंदा वसमत तालुक्यातलेच, म्हणजे हा लेखक त्या राज्याची प्रजा म्हणूनच वाढलेला. त्यानंतर लायक अली.

लायक अली वाचताना पेन्सिल हातात असू द्यावी. जून १९४८ चा मसुदा नाकारण्याचा निर्णय नेमका कोणाचा होता, हे ते कसे सांगतात, तिथे खूण करावी. रझवींचे नाव येते तिथे आणि येणे अपेक्षित असूनही येत नाही तिथेही. मग जिल्ह्यांची नावे मोजावीत. परभणी किती वेळा येते, ते पाहावे. तालुक्यापर्यंत जायची तर वेळच येत नाही.

आणि घरात नव्वदीच्या पुढचे कोणी असेल, तर त्यांना विचारावे की बसमत स्टेशनावर, हो, रेल्वेच्या वेळापत्रकात ते आजही बसमतच आहे, त्या सप्टेंबरात काय पाहिले. आजोबा कदाचित वर्ष सांगताना इसवी सन वापरणार नाहीत. निजामाच्या राज्यात फसली साल चालायचे. तारीख जुळवायला थोडा त्रास होईल. तेवढा घ्यावा आणि ऐकलेले त्याच दिवशी लिहून ठेवावे.